बैल न शिरलेली जमीन

बी उगवताना बघितलं की मी अजूनही गप्प होते, आणि गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. माझं तोंड बंद करणं आजवर सासरी-माहेरी कुणाला जमलं नाही, ते माठाच्या चिमूटभर बियांना जमतं. इतकं बारीक बी की हातावर घेतलं तर घामाला चिकटून बसतं. ते मातीत टाकायचं, वरून हात फिरवायचा, आणि चार दिवसांनी सकाळी मागचं दार उघडलं की जमिनीवर लालसर धूळ उडाल्यासारखं काहीतरी दिसतं. वाकून बघावं तर प्रत्येकाला दोन-दोन पानं. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. दर वेळी वाटतं, आपण काहीच केलं नाही आणि एवढं झालं.

आम्ही तेव्हा भोपाळला पिपलानीत राहायचो. हे मोठ्या सरकारी कारखान्यात मशिन शॉपला इंजिनिअर होते आणि टाउनशिपमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे स्कूटरपुरती जागा. पण मागे मोकळी जमीन होती, मेंदीच्या कुंपणापर्यंत आमची. मी पुण्यात वाढलेली. जमीन म्हणजे फरशी, एवढीच माझी ओळख. इथली माती काळी कुळकुळीत. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की एकदा माझं खुरपं एका भेगेत गेलं ते पावसाळा सरल्यावरच हाती लागलं. पावसाळ्यात तीच माती चपलांना धरून घरात यायची, आणि एक पाय उचलायचा तर दुसरा रुतायचा. पहिली दोन-तीन वर्षं मी तिला शिव्याच दिल्या. मग एकदा मोरीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं कुणीतरी दिलेला अळूचा कांदा खोचला, आणि महिन्याभरात हत्तीच्या कानाएवढी पानं आली. तेव्हापासून मी तिच्याशी जरा जपून बोलायला लागले.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. मामंजी थंडीत गेले. वाईजवळच्या गावातलं घर थोरल्या दिरांनी विकलं, आणि आधी त्यांना पुण्यात स्वतःकडे नेलं. तिसरा मजला, दोन खोल्या, झोपायला पॅसेजमधली कॉट. मग होळीच्या सुमाराला हे जाऊन त्यांना भोपाळला घेऊन आले. आल्या आणि खिडकीपाशी बसल्या, त्या बसल्याच. वाढलेलं निम्मं पानात राहायचं. काय हवं विचारलं तर म्हणायच्या, मला काही नको. जन्मभर परसातली भाजी खुडून स्वयंपाक केलेली बाई, तिला आता विळीला हात लावावासा वाटत नव्हता. मी बडबडी, मी त्यांना हसवायला बघायचे. पालथ्या घड्यावर पाणी. रात्री हे छताकडे बघत पडायचे आणि मला कळायचं की यांना भीती वाटतेय. मलाही वाटत होती. बाई डोळ्यांदेखत विझत चालली होती.

वैशाखात एकदा त्यांनी आपणहून तोंड उघडलं. म्हणाल्या, ऋषिपंचमीला इथं काय करता?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. नांगर न लागलेल्या जमिनीतलं, माणसाच्या हातानं खणून पिकवलेलं तेवढं खायचं. त्याची ती ऋषीची भाजी: अळू, माठ, भेंडी, भोपळा, मक्याचं कणीस, सुरण, जे परसात असेल ते सगळं एकत्र, फोडणीशिवाय. सासूबाईंनी लग्नापासून हा नेम कधी मोडला नव्हता. मी खरं ते सांगितलं. इथं आम्ही बाजारातून आणतो आणि डोळे मिटून खातो. हाटातल्या भाजीवालीला एकदा विचारलं होतं तर ती म्हणाली, "अब बैल से जोता कि ट्रैक्टर से, हमें क्या पता बहनजी. खाना है तो ले जाओ."

यावर यांनी इंजिनिअरी डोकं चालवलं. म्हणाले, ट्रॅक्टरनं नांगरलेलं असेल तर नेमात बसतं, बैलाचा संबंध येतोच कुठे. सासूबाईंनी मुलाकडे असं बघितलं की मला यांची दयाच आली. म्हणाल्या, "वर्षभर दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवून खातो. एक दिवस स्वतःच्या हातचं खायचं. त्यात ट्रॅक्टर कुठून आला?" आणि मग, पुन्हा खिडकीकडे बघत, त्या दिवशी मी नुसतं पाणी पिऊन राहीन, माझं काय.

ते "माझं काय" यांना लागलं. दुसऱ्याच दिवशी पहिल्या पाळीहून आले आणि चहाही न घेता मागच्या जमिनीत उतरले. पंचमीला आईच्या पानात सगळं आपल्या जमिनीतलं वाढायचं, हे त्यांनी मनाशी धरलं. मीही धरलं. वाटलं, बाईनं निदान एक दिवस पोटभर जेवावं. पुढचं पुढे.

आता हा माणूस असा की कारखान्यात केसाच्या जाडीएवढा फरक चालायचा नाही, आणि घरात भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी जेवताना उठून सरळ करणार. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. भर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी कुदळीनं ढेकळं फोडली, हाताला फोड आले. मग एका गवंड्याकडून पाणसळ आणली, तीच ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, आणि वाफे सपाट करायला बसले. उन्हाळ्यात नळाला पाणी थोडा वेळ यायचं. जमीन अगदी समपातळीत असली तर थेंब अन् थेंब सगळ्या झाडांना सारखा मिळेल, असा त्यांचा हिशेब. भोवती विटांची कड घातली, पाणी वाया जाऊ नये म्हणून. बुडबुडा अगदी मधोमध आला तेव्हा त्यांनी मला स्वयंपाक सोडून बघायला बोलावलं. शेजारचे लोक कुंपणावरून वाकून बघून गेले. एकजण म्हणाला, इसपे तो कैरम खेल लो. आम्हाला ते कौतुक वाटलं.

खरंच सुंदर होते ते वाफे. पडवळ, दोडका, भेंडी, मका, माठ, सगळं आम्ही रांगेत लावलं आणि सगळं उगवलं. सासूबाई खिडकीतून बघायच्या.

आणि मग आषाढात झड लागली. रात्रंदिवस एकसारखा पाऊस. आमची काळी माती, खाली पाणी जिरू न देणारी. चारी बाजूंनी विटांची पक्की कड. आणि जमीन अशी समपातळीत की पाण्याला कुठं जावं तेच कळेना. ते जिथल्या तिथं उभं राहिलं. वाफा कसला, हौद झाला होता. थेंब अन् थेंब सगळ्या झाडांना खरोखर सारखा मिळाला, आणि सगळी झाडं सारखीच पिवळी पडली. पडवळाचा वेल ओढला तर मुळासकट हातात आला, मुळांना कुजका वास.

हे छत्री घेऊन चिखलात उभे होते आणि म्हणत होते, पण लेव्हल बरोबर होती. माझा संताप झाला. "तुमच्या मशिनला मुळं नसतात," मी म्हटलं, "झाडाला असतात." आईसाठी काहीतरी करायला गेलेला माणूस, त्याचं हे असं झालेलं.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, पंचमी झाली, गणपती गेले, की मला पुण्याला पोचव. इथं काय, तिथं काय, कॉट ती कॉट. निदान तुम्हाला माझी काळजी तरी नको. हे "बरं" म्हणाले. त्या पॅसेजमध्ये ही बाई एक वर्ष काढणार नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं असं मला वाटलं.

झड थांबली त्या दिवशी यांनी कुदळ घेतली आणि स्वतः घातलेल्या विटा स्वतः फोडून काढल्या. मध्ये चर खणला, कुंपणापर्यंत उतार दिला, माती ओढून उंच वरंबे केले. पाणी निघालं तेव्हा असा आवाज झाला की जमिनीनं श्वास सोडला असं वाटलं. पडवळ-दोडक्याला आता वेळ नव्हता. भेंडीची पाच-सहा झाडं आणि कडेच्या उंचवट्यावरचा थोडा मका तेवढा तगला होता. वरंब्यावर मी पुन्हा माठ फेकला. ते सुरुवातीला सांगितलं ना, चार दिवसांनी सकाळी दार उघडलं, तसं. जिथं सगळं कुजलं होतं त्याच मातीतून ते वर आलेलं बघून मी दारातच बसले. दूध उतू गेलं, पण उठवेना. ज्या मातीनं मारलं तीच उगवून देत होती आणि तिच्या बाजूनं राग-लोभ काहीच नव्हता. मला अजून ते नीट समजलेलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आमचं लक्षच नव्हतं. कुंपणाच्या कोपऱ्यात मी भाज्यांची सालं, देठं टाकायचे, तिथं एक लाल भोपळ्याचा वेल आपोआप आला होता. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही, पाणसळ तर लांबच. वाफ्यांच्या वैभवात आम्ही त्याला तणच समजत होतो. तो उकिरड्यावरून निघाला, मेंदीवर चढला आणि तिथून स्कूटरच्या शेडच्या पत्र्यावर गेला. त्याच्या टोकाचा तो बारीक ताणा रात्रीत शेडच्या तारेला तीन वेढे घालून बसायचा. झड संपेपर्यंत अख्खा पत्रा झाकला होता. फुलं तर इतकी की पहाटे शेडवर दिवे लावल्यासारखं दिसायचं. पण फळ धरेना. बारकी फळं यायची आणि पिवळी होऊन गळायची.

मॅट्रिकला मला जीवशास्त्र होतं. पावसात मधमाश्या फिरत नाहीत, तेव्हा नराच्या फुलातले पराग मादीच्या फुलाला आपणच लावायचे, एवढं मला पुस्तकातून आठवत होतं. एका सकाळी पदर खोचून स्टुलावर चढले आणि एक फूल तोडून दुसऱ्यात घासायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं ए, काय करतेस? ते दोन्ही नरच आहेत."

सासूबाई चिखलात उभ्या होत्या. नऊवारीचा काठ एका हातात धरलेला, पायात काही नाही. आल्यापासून पहिल्यांदा त्या मागच्या दाराबाहेर आल्या होत्या, तेही माझी चूक सहन न झाल्यामुळे. मी म्हटलं, आई, हे मादीचं आहे, पुस्तकात असंच होतं. त्या म्हणाल्या, पुस्तकाला काय कळतंय, जिच्या पोटाखाली बारीक फळ असतं ती मादी. मी बघितलं तर खरंच फळ नव्हतं. मग त्यांनी एक फूल दाखवलं आणि तेच मादीचं म्हणून सांगितलं. मी खाली बोट लावून दाखवलं की तिथंही फळ नाही. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसणार कसं. आम्ही दोघी त्या पत्र्याच्या कडेशी मान वर करून एकमेकींना चूक ठरवत राहिलो. शेवटी एक खरी मादी सापडली. सासूबाईंनी नराच्या पाकळ्या सोलल्या, आतला परागाचा दांडा मला वर दिला. "लाव," म्हणाल्या, "हलक्या हातानं. लग्न आहे ते." मी लावलं. दोन फळं गळली, एक राहिलं.

ते एक आम्ही रोज बघायला जायचो. आधी बोराएवढं, मग चेंडूएवढं, मग वाटीएवढं. दिवसागणिक वाढणारी वस्तू रोज बघणं ही काय गोष्ट आहे, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगता येणार नाही. हे कारखान्यात जायच्या आधी बघायचे आणि आल्यावर बघायचे. सासूबाई पत्र्यावर त्याच्या खाली विटा लावून घ्यायच्या, घसरून देठ तुटू नये म्हणून. जेवायला मात्र अजून तितक्याच जेवत होत्या. पुण्याच्या तिकिटाची त्यांनी पुन्हा एकदा आठवण करून दिली.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही जमवाजमव केली. अळू होता, माठ होता, थोडी भेंडी, तीन कणसं, भोपळा. सुरण नव्हता. नसला तर नसला, मी म्हटलं. पण पाठीमागच्या क्वार्टरमध्ये एक मल्याळी कुटुंब राहायचं आणि कुंपणापलीकडे त्यांच्या जमिनीत सुरणाची छत्रीसारखी पानं उभी होती. सासूबाई कुंपणाशी गेल्या. त्या घरची बाई धुणं वाळत घालत होती. हिला मल्याळम येत नाही, तिला मराठी येत नाही, हिंदी दोघींची सारखीच मोडकी. मी मध्ये पडायला निघाले तर सासूबाईंनी हातानं थांबवलं. त्यांनी त्या पानांकडे बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी नांगर धरल्यासारखं करून मान नकारार्थी हलवली, आणि कुदळ मारल्यासारखं करून भुवया उंचावल्या. बाईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं ओला हात साडीला पुसला आणि पंजा पुढे केला, कुंपणावरून. बोटांच्या मुळाशी घट्टे होते. सासूबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला, जरा वेळ, आणि मान डोलावली.

सुरण अजून पुरता तयार नव्हता, तरी तिनं खणून दिला. चिखलानं माखलेला, बुटका, तांब्याएवढा. त्याची किंमत विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

पंचमीला मी मातीचा वास असलेलं नवं पातेलं चढवलं आणि सासूबाईंनी विळी पुढे ओढली. हे काम मी करते म्हणाल्या. सुरण खाजरा म्हणून चिंच लावून चिरला, देठी सोलली, कणसाचे तुकडे केले. फोडणी नाही, मसाला नाही. झाकण काढलं तेव्हा आलेली वाफ मला आजही ओळखू येईल. जमिनीलाच जणू उकळी आली होती. वाफ्यातलं, उकिरड्यावरचं, मोरीच्या पाण्यावरचं, शेजारणीच्या हातचं, सगळं एका पातेल्यात, आणि त्यातल्या एका देठाजवळही बैल फिरकला नव्हता. टाउनशिपच्या त्या मातीत बैल शिरलाच नसेल कधी. कारखाना यायच्या आधी शिरला असेल, म्हणा, पण ते मी सासूबाईंना सांगितलं नाही.

पानातली भोपळ्याची फोड सासूबाईंनी आधी वेगळी काढली. यांनी हळूच विचारलं, आई, हा कुणी लावलेला नाही, आपोआप आला. चालतो ना? मला वाटलं, आता काय म्हणतात. म्हणाल्या, "ऋषी काय लावत होते? आलं ते हात जोडून खात होते." आणि खरोखर हात जोडले, पानाला, आणि जेवायला बसल्या.

जेवल्या. मी वाढत गेले आणि त्या जेवत गेल्या. मध्ये एकदा मीठ मागितलं, सैंधव. पान रिकामं झालं, बोटं चाटून झाली, आणि पुन्हा पातेल्याकडे बघितलं. मी उगाच पातेलं खरवडत बसले. यांनी आपल्या पानातलं कणीस उचलून त्यांच्या पानात ठेवलं.

अनंत चतुर्दशी चार दिवसांवर आली तेव्हा यांनी, मनाविरुद्ध का होईना, विषय काढला. म्हणाले, उद्या स्टेशनवर जातो, तिकीट काढून ठेवतो. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर सुरणाचा वरचा भाग होता, कोंब फुटतो तो, चिरताना त्यांनी बाजूला काढून राखेत ठेवलेला. मला तो दिसलासुद्धा नव्हता. त्या त्याची माती नखानं काढत होत्या.

"हा कोरड्या मातीत ठेवा," त्या म्हणाल्या. "होळी झाली की लावू. चराच्या वरच्या अंगाला, पाणी लागायचं नाही तिथं."

हे इंजिनिअर. त्यांनी विचारलं, खायला कधी मिळेल?

"दर साली काढायचा, पुन्हा लावायचा. चांगला पोसायला चार वर्षं लागतात."

सासूबाईंनी सुरण माझ्या हातात दिला आणि विचारलं, रात्रीला काय करतेस, मला भूक लागलीय.